देशी कापूस, नैसर्गिक रंग आणि लपवलेला काठ

मागच्या हिवाळ्यात एका शहरात भरलेल्या कापडाच्या प्रदर्शनाला जाण्याचा योग आला. देशी वाणाच्या कापसाचे हातसूत, त्याचे हातमागावर विणलेले कापड आणि त्या कापडाला झाडपाल्याचे, मुळांचे, फुलांचे रंग, असा तो सगळा थाट होता. प्रत्येक ताग्याला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. तीवर कापसाच्या वाणाचे नाव, ज्याच्या शेतात पिकला त्या शेतकऱ्याचे नाव, विणकराचे गाव, रंग कशापासून काढला त्या वनस्पतीचे नाव. सोबत एक देखणी पुस्तिका. तिच्यात एक शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा आलेला होता : ‘आपल्या पूर्वजांचे वस्त्र’. मी ती चिठ्ठी वाचली, पुस्तिका वाचली आणि एकाच शब्दापाशी अडलो. ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या? ज्याने कापूस वेचला त्याचे नाव चिठ्ठीवर नव्हते. ज्याने मुळे खणली, ज्याने नीळ घुसळली त्याचेही नव्हते. आणि ज्याच्या पूर्वजांना ते वस्त्र नेसण्याचीच बंदी होती, त्याने या ‘आपल्या’त स्वतःला कोठे उभे करावयाचे, याचा विचार पुस्तिका लिहिणाऱ्याच्या मनाला शिवलेलाही नव्हता.

येथे आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. देशी कापसाच्या पुनरुज्जीवनाला माझा विरोध नाही. किंबहुना त्याची गरज आहे, असे मी मानतो. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या कापूसक्षेत्राचा फार मोठा भाग देशी वाणांचा होता. मराठवाड्यातला गावराणी कापूस आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला, वेचलेला आहे. त्याचे मूळ खोल जाते; पाऊस ओढ देऊन बसला तरी झाड तग धरते; रस शोषणाऱ्या किडींना ते सहज बळी पडत नाही; त्याची सरकी राखून पुढच्या साली पेरता येते. १९७० साली सुरतला एच-४ हा संकरित वाण निघाला आणि बियाणे दरसाल विकत घ्यावे लागण्याचा काळ सुरू झाला. २००२ साली बीटी कापूस आला. बोंडअळीवरचा तो रामबाण उपाय म्हणून विकला गेला. पुढे गुलाबी बोंडअळीने त्यालाही दाद दिली नाही. पुन्हा फवारणी आली. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या रानात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. तेव्हा कमी विषात येणारा कापूस हा आमच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे, शहरातल्या हौशी माणसाच्या अंगाला काय मऊ लागते याचा नव्हे.

प्रश्न निराळा आहे. पीक परत आणावयाचे, रंग परत आणावयाचे, माग परत आणावयाचे. पण ही पिके, हे रंग आणि हे माग ज्या समाजरचनेत गुंफलेले होते तिचे काय करावयाचे? पुनरुज्जीवनवाले याविषयी बोलत नाहीत. ते धागा पाहतात. धागा कोणी ओढला आणि कोणाच्या अंगावर तो पडला नाही, हे पाहत नाहीत.

आपल्याकडे वस्त्राला वर्ण होता, हे वाक्य मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात जानव्याचे सूत सांगितले आहे : ब्राह्मणाला कापसाचे, क्षत्रियाला तागाचे, वैश्याला लोकरीचे. म्हणजे शेतातल्या आणि मेंढवाड्यातल्या तंतूंचीही उतरंड लावून झाली. शूद्राला धागाच नाही. दहाव्या अध्यायात आपत्तीत सापडून व्यापार करणाऱ्या ब्राह्मणाने काय विकू नये याची यादी आहे. तीत रंगवलेले कापड आहे, ताग आहे, नीळ आहे, लाख आहे. ब्राह्मणाने जे विकूसुद्धा नये, ते पिकवण्याचे, कुजवण्याचे, घुसळण्याचे काम मग कोणाच्या गळ्यात पडले असेल? आणि त्याच अध्यायात चांडाळाने काय नेसावे, तर प्रेतावरचे वस्त्र. आज ज्याला ‘शाश्वत वस्त्रपरंपरा’ असे गोड नाव दिले जाते तिचा हा धर्मशास्त्रीय पाया आहे. पुस्तिका लिहिणाऱ्याने तो वाचला नसेल, तर त्याने परंपरेविषयी लिहू नये. वाचला असेल आणि वगळला असेल, तर ती लबाडी आहे.

कोणी म्हणेल, ही दोन हजार वर्षांपूर्वीची पोथी आहे. तर विसाव्या शतकात येऊ. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्यानंतर दहाच दिवसांनी, ४ जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त इंदूर जिल्ह्यातील एक वार्ता छापून आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘जातिभेद निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात ती नोंदवून ठेवली आहे. कनारिया, बिचोली हाफसी, बिचोली मर्दाना आणि आणखी पंधराएक गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसह, बलाई जातीच्या लोकांना काही नियम घालून दिले. बलायांनी जरीकाठी पागोटी घालू नयेत. रंगीत किंवा नक्षीदार काठाची धोतरे नेसू नयेत. त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने, नक्षीचे कपडे अंगावर घालू नयेत. शिवाय सवर्णाच्या घरी कोणी मेले तर त्यांनी सांगावा पोचवावा, कितीही दूर असो. आणि मोबदला न मागता चाकरी करावी. बलायांनी हे नाकारले. मग विहिरी बंद झाल्या, चराऊ रान बंद झाले, शेताकडे जाणारी वाट बंद झाली. कित्येकांना बायकापोरांसह पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडावी लागली.

आता या बलायांचा पिढीजात व्यवसाय कोणता? माळवा-निमाड भागातली ही जात जाड्याभरड्या कापडाची विणकर आणि गावची राखणदार. आमच्या महारांची सख्खी भावंडेच म्हणा ना. म्हणजे ज्याच्या मागावर गावाचे कापड निघे, त्यानेच रंगीत काठ नेसावयाचा नाही. विणकराच्या अंगावर काठ दिसला की गावाचा धर्म बुडतो! पुनरुज्जीवनाच्या सगळ्या पुस्तिकांत ‘विणकराचा स्वाभिमान’ हे शब्द येतात. त्या पुस्तिकांत कनारिया नावाचे एक पान असावयास हवे होते.

आणि याच इंदूरला, याच काळात आणखी एक गोष्ट चालली होती. १९२४ साली तेथे कापसाच्या सुधारणेसाठी ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९३१ पर्यंत तिचा संचालक होता. काडीकचरा, शेण आणि गोमूत्राची माती यांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ त्याने तेथेच सिद्ध केली. यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर लिहिलेला त्याचा ग्रंथ १९३१ चा. आजची सेंद्रिय शेती आणि सेंद्रिय कापूस आपली वंशावळ या हॉवर्डपर्यंत नेतात. हॉवर्डचे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण माझ्यापुढे चित्र उभे राहते ते असे : शहराच्या एका बाजूला मातीचा कस कसा टिकवावा याचा अभ्यास चालला आहे आणि त्याच शहरालगतच्या बिचोलीत विणकराच्या धोतराचा काठ तपासला जात आहे. सेंद्रिय कापसाच्या इतिहासात पहिली गोष्ट येते, दुसरी येत नाही. मातीची काळजी करणारा विचार माणसाच्या काठापाशी येऊन आंधळा होतो, तो हा असा.

दूर इंदूरलाही जाण्याचे कारण नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये फलटणकडच्या महार बायकांच्या नेसण्याविषयी आले आहे. लुगड्याचा काठ दिसेल असे नेसण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. महारिणीने निऱ्या अशा घालावयाच्या की काठ आत दडला पाहिजे. काठ विकत घेतलेला, पण दाखवण्याची सोय नाही. महाडला परिषदेच्या शेवटी बाबासाहेबांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितले, की आपली जात ओळखू येईल असे नेसणे सोडा, इतर स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा. बायकांनी ते तेथल्या तेथे अमलात आणले. आमच्या चळवळीत वस्त्राचा प्रश्न असा आला. चरख्याच्या वाटेने तो आला नाही. बाबासाहेबांच्या कोट-पाटलोणीला हसणाऱ्यांना आणि खादीच्या पंचाला पूजणाऱ्यांना हा फरक कधी कळला नाही. ज्याने सगळे काही असून त्यागले, त्याला पंचा शोभतो. ज्याच्याकडून ओरबाडून घेतले गेले, त्याला पूर्ण वस्त्र पाहिजे.

रंगांकडे वळू. नैसर्गिक रंग हे फार सुंदर प्रकरण आहे, हे मी कबूल करतो. आलीच्या मुळीचा तांबडा, हिरड्यावर चढलेला काळा, पळसफुलांचा पिवळा आणि निळीचा तो गूढ रंग पाहून माझाही हात कापडावरून फिरला. पण हा रंग होतो कसा? आलीचे झाड तीन-चार वर्षे वाढू द्यावयाचे, मग खोल चर खणून मुळ्या काढावयाच्या. रंग बारीक मुळ्यांत जास्त, म्हणून त्या एकेक वेचावयाच्या. निळीचा पाला हौदात भिजवावयाचा, तो आंबला की पाणी काढून माणसांनी ते वल्ह्यांनी तासन्‌तास झोडपावयाचे. तेव्हा कोठे गाळ खाली बसतो आणि त्याच्या वड्या पडतात. बंगालच्या निळीच्या कोठ्यांत हे झोडपण्याचे काम हौदात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून चाले. १८५९-६० चा निळीचा उठाव, १९१७ चे चंपारण, बिघ्यामागे तीन कठ्ठे नीळ लावण्याची सक्ती, हा इतिहास शाळेच्या पुस्तकातही आहे. त्यात रयत दिसते, मळेवाला दिसतो. हौदातला मजूर मात्र कोणी पाहिलेला नाही. हिरड्याची तीच गत. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी बायामाणसे तो गोळा करतात आणि भाव ठरतो खाली बाजारात.

१८६८ साली जर्मनीत मंजिष्ठेचा आणि पर्यायाने आलीचा तांबडा प्रयोगशाळेत तयार झाला. १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. आलीची शेती बसली, निळीचे मळे ओस पडले, रंगारी आणि निराळी यांची भांडी पालथी झाली. पुनरुज्जीवनवाल्यांच्या लेखी हा सगळा केवळ ऱ्हासाचा इतिहास आहे. रंगाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो ऱ्हास होताच, आणि रासायनिक रंगांनी पुढे नद्या नासवल्या हेही खरे आहे. परंतु त्याच रंगाने आणि गिरणीच्या कापडाने आणखी एक गोष्ट केली. रंग स्वस्त झाला. ज्या आजीला काठ लपवावा लागत होता तिच्या नातीने बाजारातून लाल-हिरवे लुगडे विकत आणले, आणि दुकानदाराने पैसे मोजून घेतले, जात विचारून रंग दिला नाही. ज्या निळीला पोथीने ब्राह्मणाच्या दुकानातही जागा दिली नाही, तोच निळा रंग १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्यावर चढला आणि आज गावोगाव आमच्या वस्त्यांवर आहे. तो झेंडा नैसर्गिक निळीत रंगवलेला नसतो. तसा तो असावा, असा हट्ट मला कोणी सांगितला तर मी त्याला प्रथम त्या कापडाचा भाव विचारीन.

याचा अर्थ गिरणीने आम्हांला मुक्त केले, असेही नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. पगार त्या खात्यात बरा. कारण असे दिले जाई, की धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढून काढावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावील? विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेला महार मुंबईच्या गिरणीत विणकर होण्यास नालायक ठरला, तो असा थुंकीपायी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्गाची भाषा बोलणाऱ्या त्या पुढाऱ्यांना तो आढेवेढे घेत मान्य करावा लागला. तरीही बाबासाहेबांनी यंत्राला दोष दिला नाही. १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना त्यांनी मांडलेला युक्तिवाद असा : यंत्राने दुःख वाढले असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा नफा थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, माणसाला माणूस म्हणून जगण्यास फुरसत लागते, आणि कष्ट हलके झाल्याशिवाय फुरसत मिळत नाही. देशी कापूस आणि हातमाग यांच्या प्रत्येक योजनेला हा प्रश्न विचारता येतो : तुमच्या या सुंदर कापडाच्या पायी कोणाची फुरसत जाणार आहे?

येथवर मी दुसऱ्यांना धारेवर धरले. आता थोडे आपल्याकडे पाहू. माझे आजोबा दोर वळीत. मांगाचे बलुते तेच. अंबाडी कापून पेंढ्या बांधावयाच्या, डोहात दगडाखाली आठ-पंधरा दिवस कुजत घालावयाच्या, मग गुडघाभर घाण पाण्यात उभे राहून सोलावयाचे, आपटावयाचे, वाख वाळवावयाचा. केकताडाचा वाख काढताना अंगाची नुसती आग होई. त्या वाखाचे कासरे, चऱ्हाटे, दावी, शिंकी सगळ्या गावाला. आणि सुगीला खळ्यावर हात पसरून उभे राहावयाचे. तो वास आमच्या घरातून नायलॉनच्या दोरीने घालवला. नायलॉनची दोरी आली तेव्हा आजोबांचे काम गेले. घरात कोणी रडले मात्र नाही.

आमच्या आत्मकथनांत ही कामे आली आहेत. पण आमच्या समीक्षेने ती केवळ वेदना म्हणून वाचली. वेदना होतीच. परंतु पाणी कोणत्या दिवशी पुरे कुजले, वाख कधी पिवळा पडतो आणि कधी सडतो, किती पदरांचा कासरा बैलाला तुटत नाही, हे ज्ञान होते. ते पुस्तकात नव्हते, आजोबांच्या बोटांत होते. आज तागाच्या, अंबाडीच्या तंतूंवर प्रयोग होतात, प्रबंध लिहिले जातात. आम्ही ते ज्ञान लाज म्हणून टाकून दिले आणि दुसरे ते ‘लोककौशल्य’ म्हणून उचलीत आहेत. आमची लाज खोटी नव्हती, कारण त्या कामाला जात चिकटलेली होती. पण कामातून जात सोलून काढण्याचे काम आपल्या विचारवंतांनी करावयास हवे होते. ते आपण केले नाही. शेती हा शेतकऱ्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न शहर, नोकरी, राखीव जागा, अशी वाटणी आपणही मान्य करून टाकली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेतीत राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या माणसांपैकी दहांतली सात शेतमजूर आहेत. ती माणसे कोणाच्या प्रश्नात धरावयाची?

तेव्हा पुनरुज्जीवनाशी भांडावयाचे ते त्याला मोडीत काढण्यासाठी नव्हे. भांडण नेमके कोठे आहे ते सांगतो. देशी कापसाचे बोंड लहान, अडीच-तीन ग्रॅमचे. संकरित बोंड चार-पाच ग्रॅमचे. शिवाय देशी कापूस फुटला की बोंडात टिकून राहत नाही, गळतो. वेचणीच्या फेऱ्या वाढतात. वेचणीची मजुरी मिळते किलोवर. वेचणारी बहुधा बाई, आणि बहुधा दलित, आदिवासी किंवा भूमिहीन. म्हणजे तेवढ्याच बोंडांपर्यंत हात नेऊन, तेवढेच वाकून तिच्या ओटीत निम्मा-पाऊण कापूस पडणार आणि संध्याकाळी काट्यावर तिची मजुरी तेवढीच घटणार. कापड ‘शाश्वत’ म्हणून चढ्या भावाने विकले जाईल, शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळतील, त्याचा औषधाचा खर्च वाचेल. आणि या सगळ्या बचतीचा भार वेचणारणीच्या कमरेवर पडेल. प्रदर्शनातल्या गृहस्थांना मी हे विचारले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी वहीत टिपून घेतले आणि म्हणाले, या दृष्टीने आम्ही पाहिले नव्हते. देशी कापसाला वेचणी दिवसाच्या रोजाने द्यावी, किंवा किलोचा दर बोंडाच्या वजनाच्या प्रमाणात वाढवून द्यावा, एवढी साधी अट प्रत्येक योजनेत घालता येण्यासारखी आहे. ती कोणीतरी मागावी लागेल.

दुसरी बाब जमिनीची. हा कापूस हलक्या, कोरडवाहू जमिनीत तग धरतो असे सांगतात. मराठवाड्यात अशी जमीन कोणाकडे आहे? गायरान कसणाऱ्यांकडे. १९५९ आणि १९६४-६५ च्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून ही मागणी चालत आली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तरीही कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे जमीन कसतात आणि सातबारावर त्यांचे नाव चढलेले नाही. सरकी घरची, खताला पैसा नको, फवारणी कमी, म्हणजे देशी कापूस मुळात यांचेच पीक व्हावयास हवे. पण सेंद्रिय म्हणून प्रमाणपत्र पाहिजे तर जमिनीचा कागद लागतो. तो नाही म्हणून गटात नाव नाही. गटात नाव नाही म्हणून चढा भाव नाही. त्याच कापसाला मग अडत्याच्या दारात आखूड धाग्याचा माल म्हणून पाडून भाव मिळतो. माझ्या माहितीतल्या एका गावी चार गायरानवाल्यांनी मागच्या मृगात एकेक एकर गावराणी पेरली. बियाणे एकाच्या मावशीने मडक्यात राखले होते. कापूस बरा आला. तो अजून घरात पडून आहे. शेजारच्या सातबारावाल्याच्या नावावर घालून विकावा की नाही, यावर त्यांच्यात वाद चालला आहे.